बाजूला मान असलेला कॅन आणि त्यात भरायची पावडर: प्रकल्प नोंदी

३ जून

व्हॉल्व्ह बॉडीच्या कॅनचं, म्हणजे पावडर भरायच्या पत्र्याच्या साच्याचं, ड्रॉइंग आलं. उभा दंडगोल, आतली लांबी ६०० मिमी. त्याच्या मध्यावरून काटकोनात निघालेली मान, व्यास १२० मिमी, लांबी २०० मिमी. ३ मिमीचा माइल्ड स्टीलचा पत्रा, सगळे जोड टीआयजी वेल्डिंगचे. आत ३१६एल स्टेनलेसची गॅस-ॲटमाइज्ड (वितळलेला धातू वायूच्या झोताने फोडून केलेली) पावडर भरायची, हवा ओढून घ्यायची, भरायची नळी चेपून सील करायची आणि कॅन हिप भट्टीला (हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग, उष्णता आणि सगळीकडून वायूचा दाब) द्यायचा. तिथे ११५० अंश सेल्सिअस तापमान आणि १०० मेगापास्कल दाब. कॅन चहूबाजूंनी दाबला जातो, पावडर आकसत आकसत सलग धातू होते. मग कॅनचं कवच मशीनवर उतरवायचं.

या सगळ्यात भरणीला वेळापत्रकात अर्धा दिवस दिलेला आहे. मला तो कमी वाटतो. भट्टी फक्त पोकळ जागा मिटवते. कुठे किती पोकळ जागा आहे हे भरतानाच ठरतं, आणि त्यावरच भागाचा आकार ठरतो.

हिशोब मांडून ठेवतो. कॅनचं आतलं आकारमान २४ लिटर. ३१६एलची पूर्ण घनता ७.९५ ग्रॅम प्रति घनसेंमी धरली. भरणी ६६ टक्के बसली, म्हणजे आतल्या जागेचा तेवढा भाग धातूने व्यापला, तर लांबी ०.६६ च्या घनमुळाइतकी उरते, म्हणजे ०.८७१ पट; ६०० मिमीचे ५२२ होतात. भरणी ६४ टक्केच बसली तर ५१७. दोन टक्क्यांच्या फरकाला पाच मिलिमीटर लांबी जाते. हे सगळं सर्व दिशांना सारखं आकसतं असं धरून. प्रत्यक्षात टोकाच्या चकत्या आणि कोपरे विरोध करतात, त्यामुळे मधला भाग जास्त आत जातो. पण तो विरोध प्रत्येक कॅनमध्ये जवळपास तेवढाच असतो, म्हणून ड्रॉइंगमध्येच धरता येतो. भरणी कॅनगणिक बदलली तर ती कुठल्याच ड्रॉइंगमध्ये बसत नाही.

वजनाचं लक्ष्य: ६५ टक्क्यांना १२४ किलो, ६६ टक्क्यांना सुमारे १२६. १२४ च्या खाली कॅन सील करायचा नाही, असं प्रक्रिया पत्रकात लिहून घेतलं.

५ जून

पावडरीचे ड्रम थंड गोदामातून आले. बाहेरची हवा दमट आहे, म्हणून आज एकही उघडला नाही. थंड पावडरीवर दमट हवा गेली की पाणी सगळ्यात बारीक कणांवर बसतं आणि तेच कण मग एकमेकांना धरून ठेवतात. सीलबंदच रात्रभर शॉपमध्ये ठेवले.

६ जून

ड्रम उघडले. नमुना वरून चमच्याने घेतला नाही. लांब नमुना नळी तळापर्यंत घालून वेगवेगळ्या खोलीवरून घेतला. प्रवासात ड्रम हादरत येतो आणि बारीक कण मोठ्यांच्या फटींतून खाली झिरपतात. त्यामुळे वरचा थर जाड आणि तळाचा बारीक असू शकतो. चाळणीवर तसंच दिसलं: वरच्या नमुन्यात ४५ मायक्रॉनखालचा माल अगदी थोडा, तळाच्या नमुन्यात बराच जास्त. ड्रम तसाच ओतला असता तर कॅनच्या तळाशी एक पावडर आणि वर दुसरी गेली असती. सगळा लॉट ब्लेंडरमध्ये फिरवून घेतला, हळू आणि अर्धा भरून, जेणेकरून आत माल उलथायला जागा राहील.

हॉल फनेल (पावडर किती सहज वाहते ते मोजायचं नरसाळं): २.५ मिमीच्या भोकातून ५० ग्रॅम पावडर न अडकता वाहिली. २५ घनसेंमीच्या कपातली मोकळी घनता ४.६. ठोकून बसवल्यावर ५.२, म्हणजे ६५ टक्क्यांच्या किंचित वर. ढिगाचा उतार ३१ अंश. हा शेवटचा आकडा या कॅनसाठी बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे.

कारण मान आडवी आहे. पावडर दंडगोलातून मानेत शिरेल ती ३१ अंशांच्या उतारानेच. २०० मिमी आत जाईपर्यंत ती तोंडापासून १२० मिमी खाली आलेली असेल, म्हणजे मानेच्या व्यासाइतकी. नुसतं ओतलं तर मानेची अर्धी जागा, एक लिटरहून थोडी जास्त, रिकामी राहणार. कंपन दिल्यावर उतार लोळेल, पण किती, ते बघायला हवं.

९ जून

चाचणी कॅन तयार करून घेतला. माप तेच, फक्त मानेच्या टोकाची चकती पारदर्शक ॲक्रिलिकची, बोल्टने बसवलेली. कॅन सरळ उभा, नळी वरच्या चकतीच्या मधोमध, खाली कंपन टेबल.

मानेच्या काचेसमोर टॉर्च धरून बसलो. आधी काहीच दिसत नव्हतं, दंडगोल खालून भरत होता. पातळी मानेला पोचली आणि पावडरीची एक जीभ आत सरकली. मोठे गोळे तिच्या पाठीवरून घरंगळत पुढे येऊन काचेच्या तळाशी साचू लागले, बारीक माल मागेच थांबला. पुढे सरकताना ती झटक्याझटक्याने येत होती: थोडा वेळ स्तब्ध, मग एकदम घसरण, पुन्हा स्तब्ध. काचेच्या आतल्या बाजूला बारीक कणांचा राखाडी थर चढत गेला, उतारापेक्षा कितीतरी वर. ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते त्याचा हा परिणाम. पुढच्या चाचणीत काचेला आतून बारीक तारेची जाळी लावून ती अर्थ करायची.

कंपन दिल्यावर उतार सपाट झाला, पण मानेच्या वरच्या अंगाला पाचरीसारखी पोकळी उरली. तिथून हवेला बाहेर जायला वाटच नाही. दंडगोलातली पावडर तोवर घट्ट बसली होती आणि मानेकडे सरकायला तयार नव्हती.

वजन: १२१ किलो. सरासरी ६३.४ टक्के.

हा आकडा फसवा आहे. कागदावर नुसता ६३.४ वाचला तर पावडर सगळीकडे जरा सैल बसली एवढंच वाटेल आणि उपाय म्हणून कोणीही कंपन वाढवेल. इथे दंडगोल ६५ च्या वर आहे आणि सगळा तुटवडा एकट्या मानेत साठलाय. तसाच भट्टीत गेला असता तर मान वरच्या बाजूने आत चेपली असती आणि फ्लँजला (पाइप जोडायच्या कडेला) मशीनिंगसाठी माल उरला नसता. एकूण वजन बरोबर येणं ही गरजेची अट आहे, पुरेशी नाही.

१० जून

नळीची जागा बदलायची. डिझाइनवाल्यांसोबत बसलो. त्यांचा पहिला विचार मानेच्या टोकाला दुसरी उभी नळी लावायचा होता. हवेची वाट त्याने मोकळी होते, पण आडव्या मानेत वरच्या नळीतून पडलेला माल पुन्हा ढीगच करतो आणि ढिगाच्या दोन्ही अंगांना पोकळी राहते.

त्यापेक्षा कॅनच ४५ अंशांत कलता ठेवायचा, असा की दंडगोलाचं वरचं टोक आणि मान, दोन्ही तिरपी वर बघतील. मग आतली एकही छत म्हणावी अशी भिंत ४५ अंशांपेक्षा सपाट राहत नाही, आणि पावडर ३१ अंशांनाच घसरते. म्हणजे पोकळी धरून ठेवणारा कोनाडाच उरत नाही. नळ्या दोन, प्रत्येक चकतीच्या सगळ्यात उंच कडेला. कलत्या स्थितीत या दोन्ही कडा एकमेकींच्या समोर येतात. एकीतून भरायचं तेव्हा दुसरी हवेला मोकळी, मग अदलाबदल.

वेल्डरची हरकत रास्त होती: “नळी कडेला नेली तर चकतीचं वेल्ड आणि नळीचं वेल्ड जवळ येतात, तिथे तडा गेला तर भट्टीत कळेल.” दोन वेल्डमध्ये पंधरा मिमी अंतर राहील इतकी नळी आत घेतली. तेवढ्याने वर राहणारी जागा नगण्य आहे, शिवाय ती कंपनात भरते. वेल्डनंतर हेलियम लीक टेस्ट, तीही भरण्याआधीच. पावडर आत गेल्यावर गळती शोधणं फार अवघड होतं, कारण पावडरच हेलियमला अडवून ठेवते.

१२ जून

भरणीच्या जागेची तपासणी. यावर आज पूर्ण दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता.

३१६एल ही ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमसारखी भडकणारी पावडर नाही, जाड मालात तर धोका आणखी कमी. पण बारीक धूळ वेगळी. अमेरिकेत टेनेसीतल्या गॅलॅटिन इथल्या लोखंडी पावडरच्या कारखान्यात २०११ मध्ये काही महिन्यांत तीन घटना घडल्या आणि पाच माणसं गेली. ३१ जानेवारीच्या पहिल्या घटनेत बकेट एलिव्हेटर पुन्हा चालू केल्यावर त्याच्या हादऱ्याने साचलेली लोखंडाची धूळ उडाली आणि पेटली. मे महिन्यातल्या घटनेत आधी हायड्रोजनचा स्फोट झाला, त्याने वरची धूळ खाली आली आणि तीही पेटली. लोखंड पेटत नाही असं मानून वर्षानुवर्षं तुळयांवर धूळ साचू दिलेली होती. आपल्या हॉपरवरच्या तुळया आज पुसून घेतल्या. कॉम्प्रेस्ड एअरने उडवायचं नाही, ही ताकीद पुन्हा एकदा दिली. धातूच्या धुळीसाठीच बनवलेला, अर्थ केलेला व्हॅक्यूम क्लीनर वापरला.

अर्थिंग मोजलं. हॉपर ते अर्थ पट्टी: एक ओहमच्या आत. कंपन टेबल: ठीक. हॉपरकडून कॅनकडे येणारी लवचीक होज: मीटर काहीच दाखवेना. होजमध्ये तारेचं वेटोळं आहे, दिसायला सगळं बरोबर. क्लॅम्प सोडून बघितलं तर तार रबराच्या आतच कापलेली, कपलिंगला कुठे टेकलेलीच नाही. पावडर वाहताना भिंतीला घासून चार्ज सोडत राहते. तार अर्थला जोडलेली नसेल तर ती नुसती चार्ज साठवते आणि जवळच्या धातूवर ठिणगी टाकते. तारेचं टोक मोकळं करून कपलिंगखाली दाबून बसवलं. खालच्या फ्लँजचे बोल्ट रंगवलेले होते आणि मध्ये रबरी गॅस्केट, म्हणजे तिथेही जोड तुटलेला. रंग खरवडून वरून तांब्याची पट्टी टाकली. टोकापासून टोकापर्यंत आता दहा ओहमच्या खाली. हे मोजमाप प्रत्येक भरणीआधी घ्यायचं आणि पत्रकावर आकडा लिहायचा, नुसती टिक नाही.

कॅनमधली हवा बाहेर ढकलण्यासाठी आपण आर्गॉन वापरणार आहोत. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, टेबलाखालच्या खड्ड्यात साचतो, आणि त्याला ना वास ना रंग. खड्ड्यात उतरणाऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीवर ऑक्सिजन मीटर लावला, अलार्म १९.५ टक्क्यांना. मीटर भिंतीवर डोक्याच्या उंचीला टांगलेला होता. तिथे तो सगळं ठीकच दाखवत राहिला असता.

मास्क सक्तीचे. पावडरीत निकेल आणि क्रोमियम आहे.

१६ जून

कंपन ठरवायचं काम. टेबलावर ५० हर्ट्झ चालतं. मध्यापासून ०.१ मिमी हालचालीला त्वरण बरोबर एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं, होतं. त्याच्या खाली कण जागचे हलत नाहीत, नुसते थरथरतात. खूप वर नेलं तर वरचा थर उकळल्यासारखा नाचतो, हवा आत घेतो, आणि जाड-बारीक वेगळं व्हायला सुरुवात होते. दीड ते दोन जीच्या मध्ये थांबलो.

कधी द्यायचं हा खरा प्रश्न. सगळं भरून झाल्यावर एकदम दिलं की वरच्या मालाच्या ओझ्याखाली तळ अडकून बसतो. सुरुवातीपासून अखंड दिलं तर तळाच्या थराला वरच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ कंपन मिळतं. म्हणून टप्प्याटप्प्याने: पातळी थोडी चढवायची, थोडा वेळ कंपन, पुन्हा चढवायची. ऑपरेटर कानानेच ओळखतो. पावडर बसली की टेबलाचा आवाज घोगरा होता होता बारीक आणि स्थिर होतो. त्याच्या या अंदाजावर मी लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) आणि त्वरणमापक ठेवून पाहिलं. आवाज स्थिर झाल्यावर पातळी खरोखरच खाली जायची थांबलेली असते.

घनतेची कमाल मर्यादा माहीत असलेली बरी. १९६० मध्ये जी. डी. स्कॉट यांनी एकाच मापाचे पोलादी गोळे भांड्यांत भरून मोजले होते. सैल ओतल्यास सुमारे ६० टक्के, हलवून बसवल्यास ६४ च्या आसपास, त्यापुढे अस्ताव्यस्त रचना जात नाही. आपण त्याच्या वर जातो कारण आपले कण एका मापाचे नाहीत, बारीक कण मोठ्यांच्या फटीत बसतात. म्हणजेच ६५-६६ टक्के ही मिश्रणाची कमाई आहे. मिश्रण फुटलं की ती जाते, कंपन कितीही द्या.

स्कॉटच्या मोजणीतली दुसरी गोष्ट भांड्याच्या भिंतीची. भिंतीलगत कण नीट बसत नाहीत, भांडं जितकं अरुंद तितका तोटा जास्त. आपल्या मानेचा व्यास १२० मिमी आणि सगळ्यात जाड कण अर्धा मिमी, त्यामुळे इथे काळजी नाही. पुढच्या भागात ६ मिमीची पातळ भिंत येणार आहे. तिथे ही गोष्ट पुन्हा उघडावी लागेल आणि बहुधा बारीक पावडर मागवावी लागेल.

१९ जून

खरा कॅन. रिकामं वजन घेतलं, लीक टेस्ट पास. आर्गॉनने धुवून घेतला.

४५ अंशांच्या फिक्स्चरवर बसवला. हॉपरखालची नळी कॅनच्या नळीत खोलवर घातली, जेणेकरून पावडर उंचावरून पडू नये. उंचावरून पडली की बारीक माल हवेत रेंगाळतो आणि शेवटी वर येऊन बसतो. सुरुवात दंडगोलाच्या नळीतून. मानेच्या नळीच्या तोंडावर बारीक जाळीचं फिल्टर लावलेलं. तिथून हवेचा हलका फुत्कार हाताला जाणवत होता. मध्येच फुत्कार थांबला आणि हॉपरमधला प्रवाहही अडला. फिल्टर चोंदलेलं. बदललं, लगेच प्रवाह सुरू. हवा बाहेर पडत नसेल तर पावडर आत जात नाही. अशा वेळी हॉपरला हातोडी मारण्याची सवय सोडून द्यावी, त्याने नरसाळ्यात माल आणखी घट्ट बसतो.

दोन्ही नळ्या गळ्यापर्यंत भरल्यावर १२३.१ किलो. कंपन, भर, कंपन. १२४.६. शेवटी मानेच्या बाजूने पुन्हा. १२५.३ ला पातळी खाली जायची थांबली. ६५.७ टक्के.

मग दुर्बीण. दोन्ही नळ्यांतली वरची थोडी पावडर व्हॅक्यूमने काढून बोअरस्कोप आत घातला. चकतीच्या आतल्या कडेपर्यंत पावडर टेकलेली, फट नाही. काढलेली पावडर तोलून परत घातली.

२० जून

व्हॅक्यूम. नळीत सिरॅमिक लोकरीचा बोळा, म्हणजे पावडर पंपात ओढली जाणार नाही. व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडला. झटक्यात उघडला तर आतला वायू उसळून वर येतो आणि कालची सगळी बसवणूक विस्कटते.

आर्गॉन पूर्ण जायलाच हवा. नायट्रोजन किंवा ऑक्सिजन पोलादात विरून तरी जातो, जरी ऑक्सिजन कणांच्या पृष्ठभागावर ऑक्साइड करून धातूचा चिवटपणा कमी करतो. आर्गॉन विरतच नाही. भट्टीतल्या दाबाखाली तो सूक्ष्म छिद्रांत चेपून बसतो आणि पुढे दाबाशिवाय हीट ट्रीटमेंट केली की पुन्हा फुगतो. कॅन तापवून रात्रभर ओढत ठेवला.

२१ जून

सकाळी पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दाब कसा चढतो ते पाहिलं. चढतोच, प्रश्न कसा चढतो याचा आहे. सरळ रेषेत चढत राहिला तर गळती. आधी भराभर आणि मग मंदावत जाऊन सपाट झाला तर कणांवरचा ओलावा आणि वायू सुटतोय. आपला आलेख वाकला, पण पुरेसा सपाट झाला नाही. भट्टीची वेळ दुपारची होती आणि कॅन लगेच द्यायचा आग्रह होता. दिला नाही. पुन्हा तापवून ओढत ठेवला, भट्टीची वेळ पुढे ढकलली. रात्री उशिरा आलेख सपाट.

नळ्या लालभडक तापवून हायड्रॉलिक जबड्यात चेपल्या, प्रत्येक नळी दोन जागी. दोन चेपांच्या वर कापून टोकावर वेल्ड. कॅन भट्टीकडे.

२७ जून

कॅन परत आला. पत्रा सगळीकडे आत ओढलेला, कुठे सुरकुती नाही, मान सरळ. दंडगोलाची लांबी ५२३ मिमी, ६५.७ टक्क्यांचा हिशोब ५२२ सांगत होता. मान हिशोबाच्या एका मिलिमीटरच्या आत. मानेची वरची आणि खालची बाजू सारखीच आकसली आहे, आणि मला बघायचं होतं ते हेच. दंडगोल टोकांकडे किंचित रुंद राहिला, मध्यावर आत गेला. चकत्यांचा हा ताठरपणा ड्रॉइंगमध्ये धरलेला आहे, पण मानेलगतच्या बाजूला तो अपेक्षेपेक्षा जास्त दिसतो. मापं डिझाइनकडे पाठवली.

नळ्यांचे बुडखे कापून घेतले. त्यांत तीच पावडर, तीच भट्टी. भागाला हात न लावता चाचणीचे तुकडे मिळतात. पाण्यात तोलून घनता काढली, दोन्ही बुडखे पूर्ण घनतेचे. आता त्यातला एक दाबाशिवाय तापवून पुन्हा तोलायचा. घनता उतरली तर आत आर्गॉन राहिला असं समजायचं आणि भाग मशीनवर चढवायचा नाही. तुकडा आज संध्याकाळी भट्टीत गेला.

३० जून

तापवलेल्या बुडख्याची घनता उतरली नाही. भाग मशीन शॉपकडे सोडला.

दुसऱ्या कॅनसाठी बदल: दोन्ही नळ्यांवर फिल्टर आधीपासून जोडीला ठेवायचे, व्हॅक्यूमसाठी एकाऐवजी दोन रात्री धरायच्या, आणि वेळापत्रकात भरणीसमोर अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण आठवडा लिहायचा. ब्लेंडरमधून उरलेला माल सीलबंद करून त्यावर लॉट आणि ब्लेंडिंगची तारीख टाकली. हलवल्यावर तो पुन्हा वेगळा होणारच, तेव्हा वापरण्याआधी परत फिरवायचा, असं ड्रमवरच रंगाने लिहिलं.